पंपाची भीती आहे, पण नक्की कोणत्या पंपाची?

पत्र असं आहे:

"ताई, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, वजन २४ किलो. मागच्या दिवाळीनंतर त्याला दमा असल्याचं कळलं. डॉक्टरांनी दोन पंप दिले, एक बुडेसोनाईड १०० चा, रोज सकाळी एक पफ आणि रात्री एक, आणि दुसरा निळा, धाप लागली तरच. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, तीही दिली. दोन महिने नीट दिलं, खोकला पूर्ण गेला. मग त्याच्या जिभेवर पांढरे डाग आले, सासूबाई म्हणाल्या अगं हे स्टिरॉईड आहे, पोराची उंची खुंटेल, आणि एकदा सवय लागली की जन्मभर सुटत नाही. मी तो पंप बंद केला. आता फक्त निळा चालू आहे, चार महिन्यांत तिसरा संपत आलाय. तो घेतला की हात थरथरतात, छाती धडधडते म्हणतो, त्यामुळे मला त्याच्या हृदयाची भीती वाटते. पंप कमी लागावा म्हणून जुन्या चिठ्ठीवरची मॉन्टेलुकास्टची गोळी रोज रात्री देतेय, गोळी बरी ना पंपापेक्षा? महिन्याभरापासून तो झोपेत दचकून उठतो, चिडचिड पण वाढलीये, शाळेचं टेन्शन असेल. शेजारच्या काकू म्हणतात घरी नेब्युलायझर घ्या, तो सेफ असतो. काय करू? – एक आई, चाकण"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यावर अडकले, ते म्हणजे "चार महिन्यांत तिसरा". तुम्ही विचारलंय जिभेच्या डागांबद्दल, उंचीबद्दल, हृदयाबद्दल, त्या सगळ्यावर येते, पण आधी हे.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे आणि दम्याच्या घरातला कोण कोणता पंप किती दिवसांनी नेतोय ते माझ्या डोळ्यांसमोरून जातं. निळ्या पंपात २०० पफ असतात. तीन पंप म्हणजे ६००, चार महिने म्हणजे साधारण १२० दिवस, म्हणजे रोजचे पाच पफ झाले. एखादा पंप अर्धा असतानाच शाळेत हरवला, काही पफ हवेत गेले असं धरलं तरी आकडा फार खाली येत नाही. ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा म्हणून एक संस्था आहे, तिच्या मार्गदर्शक सूचना जगभरातले डॉक्टर वापरतात, त्यात स्पष्ट लिहिलंय की वर्षाला तीन किंवा जास्त निळे पंप लागत असतील तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढतो आणि वर्षाला १२ म्हणजे महिन्याला एक लागायला लागला की दम्याने जीव जाण्याचा धोका वाढतो. तुमच्या मुलाची गती आत्ता वर्षाला नऊची आहे. घाबरवायला सांगत नाहीये, पण तुमची भीती ज्या पंपावर बसलीये तो पंप कपाटात आहे आणि ज्याकडे खरं लक्ष द्यायला हवं तो दप्तरात आहे, हे तुम्हाला दिसावं म्हणून सांगते.

निळा पंप, म्हणजे सालब्युटामॉल, करतो काय तर श्वासनळीभोवती आवळलेला स्नायू सैल करतो. पाच मिनिटांत मोकळं वाटतं आणि ते चार ते सहा तास टिकतं. पण नळीच्या आतली सूज आहे तिथेच राहते. दाढ सुजलीये आणि आपण नुसती पेनकिलर खातोय तसं आहे हे, दुखणं थांबतं म्हणून वाटतं बरं झालं. शिवाय निळा पंप रोज रोज मारला की शरीर त्याला सरावतं, त्याचा असर कमी होत जातो, आणि श्वासनळ्या धूळ, धूर, थंडी कशालाही जास्त चटकन आवळायला लागतात. म्हणजे सासूबाई "सवय लागते" म्हणतात ना, त्यात तथ्य आहेच, फक्त ते दुसऱ्या पंपाला लागू होतं. बुडेसोनाईडची सवय लागत नाही. तो बंद केल्यावर त्रास परत आला कारण सूज परत आली, चष्मा काढल्यावर अंधुक दिसतं म्हणून कोणी चष्म्याचं व्यसन लागलं म्हणत नाही.

आता एक काम आजच करा, हे पत्र वाचून झाल्यावर लगेच. डॉक्टरांना फोन करा आणि गोळीबद्दल सांगा. तुम्ही झोपेतलं दचकणं आणि चिडचिड शाळेवर ढकललीत, असेलही तसं, मी इथून ठरवू शकत नाही. पण मॉन्टेलुकास्टचे हे माहीत असलेले दुष्परिणाम आहेत, भीतीदायक स्वप्नं, झोपेत उठणं, चिडचिड, आक्रमक होणं, उदास होणं, आणि काही वेळा जीव नकोसा वाटण्याचे विचारही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्च २०२० मध्ये या गोळीवर त्यांची सगळ्यात कडक, चौकटीतली सूचना छापायला लावली ती याच कारणासाठी. बहुतेक मुलांना ही गोळी काही त्रास देत नाही आणि काहींना खरंच उपयोगी पडते, पण ज्या मुलाला ही लक्षणं दिसतायत त्याला ती पुढे द्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायला हवं, आजच्या आज, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता. मुलाला पण शांतपणे विचारा, स्वप्नात काय येतं, दिवसा कसं वाटतं. जुन्या चिठ्ठीवर गोळी रिपीट करून देणारे आम्ही मेडिकलवालेच, त्यामुळे ही चूक एकट्या तुमची मुळीच नाही.

"गोळी बरी ना पंपापेक्षा" हा प्रश्न मला आठवड्यातून चारदा ऐकायला मिळतो, आणि प्रत्येक वेळी मला माझा भाऊ आठवतो. आमच्या लहानपणी गावात पंप म्हणजे शेवटची पायरी समजायचे, पंप लागला म्हणजे माणूस कामातून गेला. म्हणून त्याला वर्षानुवर्षं गोळ्याच, आणि त्या पांढऱ्या छोट्या गोळ्या म्हणजे प्रेडनिसोलोन होतं, तेही स्टिरॉईडच, हे आम्हाला फार उशिरा कळलं. चेहरा गोल सुजलेला, पोट सुटलेलं, ३१ व्या वर्षी मोतीबिंदू. स्टिरॉईड नको म्हणून पंप नाकारला आणि स्टिरॉईडच खाल्लं, पोटातून, सगळ्या अंगाला. कोजागिरीला दम्याची खीर खाऊनही आला होता तो, श्रद्धेचं खायला माझी ना नाही, पण त्यासोबत "आता पंप बंद करा" असं कोणी सांगितलं तर तिथे ऐकू नका. आणि लेबल नसलेल्या दम्याच्या पुड्या तर घरात आणूच नका, अशा पुड्यांमध्ये स्टिरॉईड मिसळलेलं सापडलंय.

स्टिरॉईड शब्दाचीच मुळात भीती बसलीये. जिममधली पोरं घेतात ते वेगळं, त्याचा याच्याशी संबंध नाही. हे आपल्या किडनीच्या वर बसलेल्या छोट्या ग्रंथी रोज बनवतात त्या कॉर्टिसोलच्या जातीचं औषध आहे, सूज उतरवणारं. मुलाचा डोस बघा, १०० मायक्रोग्रॅमचे दोन पफ, म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.२ मिलीग्रॅम. मोठा अटॅक आला की मुलांना तीन ते पाच दिवस तोंडाने प्रेडनिसोलोन देतात, तुमच्या मुलाच्या वजनाला ते दिवसाला २० मिलीग्रॅमच्या वरच जाईल. दोन्ही औषधांची ताकद वेगळी आहे, बुडेसोनाईड वजनाच्या मानाने कितीतरी तेज आहे, त्यामुळे सरळ भागाकार करू नका, पण मुख्य फरक औषध जातं कुठे हा आहे. पंपाचं थेट श्वासनळीत जातं, गिळलं जातं त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. गोळीचं तसं नाही, ती रक्तातून हाडं, डोळे, साखर, सगळीकडे फिरते.

उंची. यावर खोटं सांगणार नाही, परिणाम होतो. अमेरिका आणि कॅनडात ५ ते १२ वर्षांच्या १०४१ दमेकरी मुलांवर मोठा अभ्यास झाला, त्यातल्या एका गटाला रोज ४०० मायक्रोग्रॅम बुडेसोनाईड चार ते सहा वर्षं दिलं, म्हणजे तुमच्या मुलाच्या दुप्पट. ती मुलं मोठी झाल्यावर परत मोजली, २०१२ साली निकाल छापून आला, औषध न घेतलेल्या गटापेक्षा सरासरी १.२ सेंटीमीटर कमी उंची. वाढीचा वेग कमी झाला तो मुख्यतः पहिल्या एक-दोन वर्षांत, दरवर्षी वाढत गेला नाही. सव्वा सेंटीमीटर म्हणजे साधारण तुमच्या करंगळीच्या जाडीएवढं. हे काहीच नाही असं मी म्हणणार नाही, आई आहात तुम्ही, पण दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा. दमा ताब्यात नसेल तर मुलाची वाढ त्यानेही मागे पडते, रात्री झोप नाही, खेळ नाही, आणि वर्षातून तीन-चारदा तोंडाने स्टिरॉईडचे कोर्स. दर तीन ते सहा महिन्यांनी उंची मोजून वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा, वेग कमी दिसला तर डोस खाली आणता येतो. तसंही दमा काही महिने शांत राहिला की डॉक्टर डोस कमी करत करत सगळ्यात कमी, पुरेल एवढ्यावर आणतात. मेख अशी की तो कमी करायचा डॉक्टरांनी, आणि आपण कमी करतो सासूबाईंच्या म्हणण्यावर किंवा खोकला थांबला म्हणून.

जास्त डोसचं प्रकरण मात्र खरंच वेगळं आहे. मोठ्या डोसचा स्टिरॉईड पंप, खासकरून फ्लुटिकासोन, वर्षानुवर्षं चालला तर त्या किडनीवरच्या ग्रंथी मंदावू शकतात, मोठ्या माणसांत हाडं ठिसूळ होणं, मोतीबिंदू, काचबिंदू यांचा धोका थोडा वाढतो, डायबेटिस असेल तर साखर वर सरकू शकते. अशा मोठ्या डोसवरच्या मुलाला सतत थकवा, पोटदुखी, उलट्या, अचानक गळून जाणं असं काही झालं तर लगेच दवाखाना, आणि असा पंप स्वतःच्या मनाने एकदम तोडायचा नाही. तुमचा मुलगा या गटात नाही, त्याचा डोस कमी आहे. हे लिहितेय कारण हे सदर आजीआजोबाही वाचतात.

जिभेवरचे पांढरे डाग, ही बहुतेक बुरशी आहे, औषधाचे कण तोंडात चिकटून राहिले की येते. धोकादायक नाही, डॉक्टरांना दाखवून तोंडात लावायचं औषध घेतलं की काही दिवसांत जाते. आवाज बसणं, घसा खवखवणं हेही त्यातलंच. यावरचा उपाय इतका सोपा आहे की मला वाईट वाटतं, तुम्हाला तो कोणी नीट सांगितलाच नाही. पंप घेतला की चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. सगळ्यात सोपं म्हणजे पंप ब्रशच्या आधी ठेवायचा, सकाळी पंप मग ब्रश, रात्रीही तसंच. एका चुळीने गेला असता तो त्रास, आणि त्यापायी चार महिने औषध बंद राहिलं.

आता हृदय. थरथर आणि धडधड होते ती निळ्या पंपाने, बुडेसोनाईडने नाही. सालब्युटामॉल स्नायूंवर आणि थोडंफार हृदयावरही काम करतं, म्हणून हात कापतात, ठोके वाढतात, कधी डोकं दुखतं, थोड्या वेळात उतरतं. निरोगी मुलाच्या हृदयाला नेहमीच्या डोसने त्याची इजा होत नाही. खूप जास्त डोस झाला तर रक्तातलं पोटॅशियम खाली येतं, ते मात्र धोक्याचं. एवढे पफ लागत असतील तर थरथरही रोजचीच असणार ना, आणि ती कमी करायचा रस्ता म्हणजे निळ्याची गरज कमी करणं, जे फक्त रोजचा पंप करू शकतो.

"पंपाने हृदय जातं" ही भीती हवेतून आलेली नाही, तिला इतिहास आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. १९६० च्या दशकात इंग्लंड-वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये दम्याने तरुण माणसं मरायचं प्रमाण अचानक वाढलं, संशय आला तो तेव्हाच्या जास्त ताकदीच्या आयसोप्रेनालिन पंपांवर. मग १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये परत तसंच, तिथे फेनोटेरॉल नावाचा पंप आला होता, १९८९ साली संशोधकांनी त्याचा संबंध मृत्यूंशी दाखवला, सरकारने त्यावर निर्बंध आणले, वापर पडला आणि मृत्यूही खाली आले. पुढे सालमेटेरॉल, बारा तास चालणारं. २६ हजारांवर लोकांच्या अमेरिकेतल्या अभ्यासात ते घेणाऱ्यांत दम्याने १३ मृत्यू, न घेणाऱ्यांत ३. यावर खूप गदारोळ झाला, औषधावर इशारे छापले गेले, आणि नंतरच्या मोठ्या चाचण्यांत दिसलं की तेच औषध स्टिरॉईडसोबत एकाच पंपात दिलं तर हा धोका वाढत नाही, म्हणून एफडीएने डिसेंबर २०१७ मध्ये अशा जोड-पंपांवरचा चौकटीतला इशारा काढून टाकला.

नीट बघा ताई, तिन्ही वेळा बोट कोणाकडे आहे. नळी सैल करणाऱ्या औषधाकडे, आणि तेही सोबतीला सूज उतरवणारं नसताना. उलट कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातला अभ्यास २००० साली आला, त्यात वर्षभरात घेतलेल्या प्रत्येक जादा स्टिरॉईड पंपामागे दम्याने मृत्यूचा धोका २१ टक्क्यांनी कमी होताना दिसला. आणि आपल्याकडे? जगातले साधारण १३ टक्के दम्याचे रुग्ण भारतात, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंमध्ये आपला वाटा ४० टक्क्यांहून जास्त. काउंटरवर उभं राहून मला याचं एक कारण रोज दिसतं, निळा पंप चिठ्ठीशिवाय मागतात आणि रोजच्याबद्दल विचारलं की "तो बंद केला, बरं वाटतंय."

नेब्युलायझर. काकूंना सांगा की तो जास्त सेफ नाही, त्यात औषध तेच असतं आणि जास्त असतं. सालब्युटामॉलच्या एका रिस्प्यूलमध्ये, म्हणजे मशीनमध्ये ओतायच्या औषधाच्या छोट्या प्लास्टिक कुपीत, साधारण २.५ मिलीग्रॅम, म्हणजे २५ पफांएवढं. त्यातलं बरंचसं हवेत जातं हे खरं, पण थरथर आणि धडधड त्यानेच जास्त होते. साध्या-मध्यम अटॅकला स्पेसरमधून दिलेला पंप तेवढंच काम करतो. शिवाय ते मास्क, ती नळी, तो कप रोज नीट धुतला-वाळवला नाही तर त्यात जंतू वाढतात. मला सगळ्यात काळजी वाटते ती वेगळीच, घरी मशीन असलं की लोक रात्रभर मशीनवर काढतात आणि दवाखान्यात उशिरा पोचतात.

स्पेसर मात्र सोडू नका, अर्धे दुष्परिणाम तोच वाचवतो, कारण मोठे कण तोंडात बसायच्या ऐवजी त्या नळीत बसतात. पंप हलवायचा, एकच पफ मारायचा, तोंडाने पाच-सहा सावकाश श्वास घ्यायचे, दुसरा लागत असेल तर अर्धं-एक मिनिट थांबून परत हलवून. दोन पफ एकदम मारतात बरेच जण, मग औषध आतल्या आत चिकटून वाया जातं. आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच निथळत वाळवायचा, फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्टॅटिक तयार होतं आणि औषध भिंतीला ओढलं जातं. पंपावर आकडा दिसत नसेल तर उघडला त्या दिवसाची तारीख पेनाने लिहा, कारण औषध संपल्यावरही तो फुस्स आवाज करत राहतो. पाण्यात बुडवून बघायची युक्ती सोडून द्या, तिचा भरवसा नाही. आणि घरात कोणी मोठं माणूस कॅप्सूलचा पंप वापरत असेल तर एकदा बघा ते कसं घेतात, त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक मी स्वतः पाहिलेत, एक आजोबा आठ महिने गिळत होते.

तर मग काय करायचं. डॉक्टरांना फोन करताना गोळीबरोबरच हेही सांगा की रोजचा पंप मी बंद केला होता आणि निळा इतका लागतोय. लपवू नका, ओरडतील थोडं, ओरडू देत. रोजचा पंप कधी, किती सुरू करायचा ते त्याच फोनवर विचारा, आणि याच आठवड्यात मुलाला घेऊन जा, सगळे पंप, रिकामे सुद्धा, पिशवीत घालून न्या आणि त्यांच्यासमोर मुलाला एकदा घ्यायला लावा. रोजच्या पंपाचा परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, तोपर्यंत निळा जवळ हवाच, गरज असताना निळा द्यायला घाबरू नका. अटॅकच्या वेळी काय, किती पफ, किती वेळाने, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या आणि एक प्रत फ्रिजवर, एक वर्गशिक्षिकांकडे. शाळेतला पंप ऑफिसच्या कपाटात कुलुपात नको, वर्गात हवा.

आणि एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, किंवा निळ्या पंपाने आराम पडत नसेल, नाहीतर तासाभरात परत लागत असेल, तर थांबायचं नाही, १०८ ला फोन, आणि गाडी येईपर्यंत स्पेसरमधून एक-एक पफ देत राहायचं.

सासूबाईंशी भांडू नका, त्यांनी कोणाचं तरी असं गोळ्यांनी सुजलेलं तोंड पाहिलेलं असणार. त्यांना उंचीची वही द्या, दाराच्या चौकटीवर खूण करून दर तीन महिन्यांनी मोजायचं काम त्यांचं. आणि रात्रीचा पंप झाला की नातवाकडून चुळा भरून घ्यायच्या, थुंकलं का नाही ते बघायचं, तेही आजीकडेच द्या.